रिपोर्टिंग रूममधला काळा रंग

रुग्णालयाच्या कागदपत्रांत माझं नाव रेडिएशन सेफ्टी ऑफिसर म्हणून आहे. त्यामुळे क्ष-किरण विभागातलं जे काम कुणाच्याच टेबलावर बसत नाही, ते फिरत फिरत माझ्याकडे येतं. मूळचा मी रेडिओथेरपीतला. भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा करून बाहेर पडलेले आमच्यासारखे बहुतेक जण कॅन्सरच्या उपचारयंत्राभोवतीच नोकरी काढतात. एक्स-रे, सीटी हा आमच्यासाठी शेजारच्या गल्लीतला संसार. तिथले मॉनिटर तपासायचं काम माझ्याकडे आलं ते कुणी तक्रार केली म्हणून नव्हे, तर एका रिकाम्या रकान्यामुळे.

एनएबीएचच्या, म्हणजे रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या संस्थेच्या, तपासणीच्या तयारीसाठी इमेजिंगची फाइल लावत होतो. एक्स-रे मशीनचा क्यूए, म्हणजे गुणवत्ता तपासणीचा, रिपोर्ट होता. तो एईआरबीच्या, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, नियमाने दोन वर्षांतून एकदा करावाच लागतो. त्यात केव्हीपी, म्हणजे ट्यूबचा व्होल्टेज, बरोबर येतो का, टायमर बरोबर चालतो का, ट्यूबमधून किरणांची गळती किती, सगळं आकड्यांत. डिटेक्टरचं कॅलिब्रेशन होतं, पॅक्स, म्हणजे सगळी चित्रं साठवणाऱ्या, सर्व्हरच्या बॅकअपची नोंद होती, लेड ॲप्रन तपासल्याची यादीसुद्धा होती. आणि ही सगळी साखळी जिथे संपते, जिथे डॉक्टर प्रत्यक्ष चित्र बघून ‘नॉर्मल’ किंवा ‘नॉर्मल नाही’ म्हणतात, त्या पडद्याबद्दल फाइलमध्ये काय? खरेदीचं बिल आणि संपलेलं वॉरंटी कार्ड.

रेडिओलॉजिस्ट मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, “अहो, चांगला दिसतोय की मॉनिटर. काही अडचण नाही.”

अडचण नेमकी तिथेच असते. मॉनिटरच्या मागचा दिवा एका रात्रीत जात नाही, महिन्यामहिन्याने थोडा थोडा मंदावतो. डोळा त्याच्याबरोबर खाली उतरत जातो आणि त्याला ते कळत नाही. फिल्मच्या काळात हे सोपं होतं. व्ह्यूबॉक्समधली एक ट्यूब पिवळी पडली की शेजारच्या पांढऱ्या ट्यूबमुळे ती लगेच उठून दिसे, वॉर्डबॉयलासुद्धा. शिवाय फिल्मवरचा काळेपणा रसायनांनी पक्का केलेला, मागचा उजेड तेवढा कमीजास्त. डिजिटल चित्रात तसं नाही. सर्व्हरवर नुसते आकडे असतात. कोणत्या आकड्याला किती उजेड, हे पडदा ठरवतो. पडदा बदलला की तोच एक्स-रे वेगळा दिसतो.

निघता निघता मॅडमच म्हणाल्या, “पण उजवीकडचा थोडा मळकट वाटतो कधी कधी. की माझेच डोळे?” दोन मॉनिटरची जोडी होती, एकाच दिवशी बसवलेली. मी एकच छातीचा एक्स-रे दोन्हींवर शेजारी शेजारी लावला. डावीकडे फुप्फुसाच्या कडेच्या बारीक रक्तवाहिन्या अगदी टोकापर्यंत पोचत होत्या, उजवीकडे मध्येच विरत होत्या. डोळे मॅडमचे चांगले होते.

उसना फोटोमीटर

पडद्यातून बाहेर येणारा उजेड मोजायला फोटोमीटर लागतो आणि तो आमच्याकडे नव्हता. पुण्यातल्या एका मित्राने त्यांच्याकडचा दिला, तोही कॅलिब्रेशन सर्टिफिकेटसकट. सर्टिफिकेट आवर्जून बघितलं, कारण मोजणाऱ्या यंत्राचाच हिशेब दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या मानकापर्यंत पोचत नसेल, तर त्याच्या आकड्यांवर मॉनिटर नापास करायचा तरी कसा? पडद्यावर पडणारा खोलीतला उजेड मोजणारा लक्समीटर मात्र रुग्णालयातच निघाला. इलेक्ट्रिकल विभाग तो ऑपरेशन थिएटरच्या दिव्यांसाठी वापरतो.

तिसरी गोष्ट म्हणजे चाचणीची चित्रं. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने, म्हणजे एएपीएमने, २००५ साली टीजी-१८ नावाचा अहवाल काढला. २०१९ साली टीजी-२७० ने तो बराच सुटसुटीत केला, पण टीजी-१८ ची चित्रं आजही सगळीकडे चालतात. ती मी डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या ठरलेल्या स्वरूपात पॅक्सवर चढवली. पॅक्समध्ये पेशंटशिवाय चित्र ठेवता येत नाही, म्हणून ‘टीजी क्यूसी’ या नावाने नोंद केली. दुसऱ्या दिवशी बिलिंगमधून फोन : “सर, हा टीजी क्यूसी पेशंट कोणत्या वॉर्डात आहे? इतके एक्स-रे झालेत आणि एकाचाही चार्ज लागलेला नाही.”

मॉनिटरकडे वळण्याआधी पॅक्सचा व्ह्यूअर चित्राशी काय करतो ते बघावं लागतं. बहुतेक व्ह्यूअर चित्र पडद्यात बसवण्यासाठी लहानमोठं करतात आणि विंडो-लेव्हल, म्हणजे कोणते आकडे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पसरवायचे ते, स्वतःच्या मनाने लावतात. चाचणीच्या चित्राला यातलं काहीच चालत नाही. चित्राचा एक बिंदू पडद्याच्या एकाच बिंदूवर बसला पाहिजे आणि आठ बिटच्या चित्राला विंडो २५५, लेव्हल १२८ असावी. हे न जुळवता तपासणी केली तर तपासला जातो तो व्ह्यूअर, मॉनिटर नव्हे. आमच्या व्ह्यूअरमध्ये ‘मूळ आकार’ हे बटण तीन मेन्यूंच्या आत दडलेलं होतं.

आधी डोळ्यांनी

टीजी-१८ क्यूसी हे चित्र पहिल्यांदा बघणाऱ्याला रांगोळीच्या कागदासारखं वाटेल. चौकटी, रेघा, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत चढत गेलेले करड्या रंगाचे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यांत मूळ रंगापेक्षा किंचितच वेगळे इवलेसे ठिपके. काळ्या चौकोनात पाच टक्के पातळीचा छोटा चौकोन, पांढऱ्यात पंच्याण्णव टक्क्यांचा. हे दोन दिसले पाहिजेत ही किमान अट. ती सिनेमा-दूरचित्रवाणीच्या अभियंत्यांच्या जुन्या एसएमपीटीई चित्रापासून चालत आलेली आहे.

माझा आवडता भाग म्हणजे अक्षरं. ‘क्वालिटी कंट्रोल’ हे शब्द इंग्रजी मोठ्या लिपीत तीन ठिकाणी लिहिलेले असतात : गडद पट्टीवर, मधल्या करड्यावर आणि फिक्या पट्टीवर. पुढचं प्रत्येक अक्षर आधीच्यापेक्षा पुसट. एकूण चौदा अक्षरं. निदानाच्या मॉनिटरवर तिन्ही पट्ट्यांत ‘कंट्रोल’मधल्या टी-पर्यंत, म्हणजे अकरा अक्षरं तरी दिसावीत अशी अपेक्षा. आकड्यांची जत्रा नको असेल त्याच्यासाठी ही एकच ओळ पुरेशी बोलकी आहे.

मॅडम डाव्या पडद्यासमोर बसल्या आणि मधल्या व फिक्या पट्टीवर सहज पार गेल्या. गडद पट्टीवर मात्र दुसऱ्या शब्दाच्या सुरुवातीलाच अडखळल्या. उजवीकडे तर पहिला शब्दही पुरा झाला नाही. तेवढ्यात व्हरांड्यातून एक रेसिडेंट डॉक्टर आत आला. “सर, इथे काही लिहिलंय?” त्याला गडद पट्टीवर जेमतेम चार-पाच अक्षरं दिसली. त्याला तिथेच बसवलं, गप्पा मारल्या, आणि थोड्या वेळाने पुन्हा वाचायला सांगितलं. तो मॅडमच्या जवळपास पोचला. पडदा तोच, खोली तीच. त्याचे डोळे फक्त बाहेरच्या उजेडातून आत आले होते. घाईत आत येऊन उभ्याउभ्या फिल्म बघून जाणाऱ्या सगळ्यांची आठवण झाली. त्यात मीही आलो.

मग आकडे

मॉनिटर सुरू करून अर्धा तास तापू द्यायचा, मग मोजायचं. पूर्ण पांढऱ्याला मिळणारा उजेड आणि पूर्ण काळ्याला मिळणारा उजेड, हे पहिले दोन आकडे. एकक कँडेला प्रति चौरस मीटर. पुढे नुसतं कँडेला म्हणतो.

डावा : पांढरा ४०२, काळा ०.६.
उजवा : पांढरा २६८, काळा ०.५.

साध्या एक्स-रे, सीटीच्या निदानासाठी पांढरा किमान ३५० असावा, मॅमोग्राफीसाठी ४२०, असं अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीचं मानक सांगतं. म्हणजे उजवा सरळ नापास. जुन्या लोकांना हे आकडे फार मोठे वाटत नाहीत. मॅमोग्राफीच्या फिल्मसाठी व्ह्यूबॉक्स ३००० कँडेलाचा लागत असे.

उजवा असा का मंदावला, हे त्याच्याच मेन्यूत लिहिलेलं होतं. मागच्या दिव्याचे तास डाव्यापेक्षा कितीतरी जास्त होते. शोध घेतल्यावर कळलं की डाव्याला स्क्रीन सेव्हर आणि झोप लावलेली होती. उजव्यावर दिवसरात्र पेशंटांची यादी उघडी. वर्षाचे तास ८७६० होतात. चोवीस तास चालणारा मॉनिटर चार-पाच वर्षांत असा म्हातारा होतो की त्याची जोडी त्याच्यासमोर तरुण दिसते. वैद्यकीय मॉनिटरचा पडदा मुळात याहून बराच जास्त उजेड देऊ शकतो, पण कारखान्यातून तो मुद्दाम खाली बांधून पाठवतात. दिवा मंदावला की आतला सेन्सर त्याला थोडी जास्त वीज देतो आणि ४०० चे ४०० टिकवतो. ही शिल्लक संपेपर्यंत कुणालाच काही कळत नाही. उजव्याची ती केव्हाच संपली होती.

डाव्याचं काय? ४०२ आणि ०.६. भागाकार ६७०. कागदावर उत्तम. मग मॅडम गडद पट्टीवर अडखळल्या कशाला?

इथे थोडं थांबतो, कारण या सगळ्या खटाटोपातून मी एकच गोष्ट शिकलो असेन तर ती ही. आमचा फोटोमीटर पडद्याला टेकवून मोजणारा होता. रबरी कडा पडद्यावर दाबून बसते आणि खोलीतला उजेड आत शिरूच देत नाही. त्यामुळे तो जो ०.६ सांगतो, तो मॉनिटरचा काळा. डॉक्टरच्या डोळ्यांना दिसतो तो मॉनिटरचा काळा अधिक खोलीचा उजेड. खोलीतला प्रकाश पडद्यावर आपटून परत येतो आणि चित्रातल्या प्रत्येक बिंदूवर सारखाच चढतो. ४०० च्या पांढऱ्यावर एक कँडेला चढला तर कुणाला पत्ता लागणार नाही. ०.६ च्या काळ्यावर तोच एक कँडेला म्हणजे काळा अडीचपटींहून जास्त उजळ. आणि छातीच्या एक्स-रेमध्ये हवेने भरलेलं फुप्फुस असतं या गडद टोकाला. न्यूमोथोरॅक्सची, म्हणजे फुप्फुसाबाहेर हवा साठल्याची, केसासारखी रेघ तिथेच असते.

लक्समीटर पडद्यासमोर, पडद्याशी समांतर धरला. १८० लक्स. रिपोर्टिंग रूममध्ये २५ ते ५० च्या आसपास हवेत. आमच्या पडद्यासाठी मी दर लक्समागे ०.००५ कँडेला परत येतात असं धरलं. पडद्याच्या जातीप्रमाणे हा आकडा बदलतो. १८० गुणिले ०.००५ म्हणजे ०.९. डोळ्यांना दिसणारा काळा ०.६ नव्हे, १.५. सहाशे सत्तरचा भागाकार उतरून दोनशे सत्तरच्याही खाली आला. खोलीतून येणारा उजेड मॉनिटरच्या स्वतःच्या काळ्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नसावा, असा दंडक आहे. इथे तो काळ्याच्या दीडपट होता.

१८० लक्स आले कुठून

खिडकीला व्हर्टिकल ब्लाइंड होते, पण त्यांच्या पट्ट्या दोन ठिकाणी तुटलेल्या, आणि दुपारचं ऊन समोरच्या पांढऱ्या भिंतीवर. छताची ट्यूबलाइट सतत चालू, कारण तिचं बटण बाहेरच्या व्हरांड्यातल्या दिव्याबरोबर एकाच ठिकाणी. खरा गुन्हेगार मात्र मॅडमच्या पाठीमागे होता. जुन्या फिल्म बघण्यासाठी भिंतीवर ठेवलेला व्ह्यूबॉक्स. पेशंट अजूनही प्लास्टिकच्या पिशवीतून जुन्या फिल्म आणतात, त्या बघायच्या आणि व्ह्यूबॉक्स तसाच चालू ठेवायचा, ही रीत. तो सरळ पडद्यात दिसत होता. मॉनिटर बंद करून खुर्चीत बसलो आणि काळ्या पडद्यात बघितलं : व्ह्यूबॉक्सचा चौकोन, खिडकीची उभी रेघ आणि माझाच पांढरा कोट. हा आरसा रोज प्रत्येक एक्स-रेवर पसरलेला असणार. कुठल्याही रिपोर्टिंग रूममध्ये ही तपासणी फुकटात होते. मॉनिटर बंद करा, डॉक्टरच्या खुर्चीत बसा आणि काय काय दिसतं ते बघा. फोटोमीटर नंतर.

मॅडमचं म्हणणं पडलं, सगळंच अंधारून टाकू या. तेही बरोबर नाही. मिट्ट काळोखात ४०० कँडेलाच्या पडद्याकडे दिवसभर बघितलं की डोळे थकतात. नजर पडद्यावरून टेबलावर गेली की बाहुल्यांची कसरत. हवा असतो मंद, सारखा आणि पडद्यावर न पडणारा उजेड. इलेक्ट्रिशियनमामांना बोलावलं. त्यांनी छताचं बटण वेगळं केलं, मंद करता येईल अशी एलईडी पट्टी मॉनिटरच्या मागे भिंतीकडे तोंड करून बसवली. त्यांचा प्रश्न रास्त होता : “साहेब, दिवा भिंतीला दाखवायचा? मग माणसाला काय दिसणार?” ब्लाइंडच्या जागी जाड पडदा आला. व्ह्यूबॉक्स शेजारच्या खोलीत गेला. यावर मात्र विभागात मॉनिटरपेक्षा जास्त चर्चा झाली. पुन्हा मोजलं, ३० लक्स. म्हणजे ०.१५ कँडेला, ०.६ चा बरोबर चौथा हिस्सा.

त्याच संध्याकाळी मॅडमनी, मॉनिटरच्या एकाही स्क्रूला हात न लावता, डाव्या पडद्यावर गडद पट्टीतली बारा अक्षरं वाचली.

मधल्या पायऱ्या

पांढरा आणि काळा ही दोन टोकं झाली. मधल्या पायऱ्या कशा पडतात याचं वेगळं शास्त्र आहे. डोळ्याला गडद भागात एक फरक जाणवायला जेवढा उजेड बदलावा लागतो, त्यापेक्षा उजळ भागात कितीतरी जास्त बदलावा लागतो. हॉलंडच्या बार्टेन यांनी डोळ्याच्या या स्वभावाचं गणिती प्रारूप मांडलं, आणि त्यावर डायकॉमच्या चौदाव्या भागातलं करड्या छटांचं मानक उभं आहे. ०.०५ पासून ४००० कँडेलापर्यंतचा उजेड त्यात १०२३ पायऱ्यांत वाटलेला आहे. प्रत्येक पायरी म्हणजे डोळ्याला जेमतेम जाणवणारा एक फरक. मॉनिटरने आपल्या वाट्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या ठेवायच्या, एवढीच अपेक्षा. मग एकच एक्स-रे मिरजेत बघा की मुंबईत, चित्रातला फरक डोळ्याला सारखाच जाणवला पाहिजे.

तपासायला टीजी-१८ ची अठरा चित्रं असतात. मध्ये एक चौकोन, तो ० पासून १५-१५ ने चढत २५५ पर्यंत जातो. प्रत्येकाचा उजेड टिपायचा, लागोपाठच्या दोन चित्रांतला फरक काढायचा आणि मानकाच्या रेषेशी ताडून बघायचा. निदानाच्या मॉनिटरला दहा टक्क्यांची सूट. काम कंटाळवाणं आहे. मी आकडे सांगत होतो आणि टेक्निशियन एक्सेलमध्ये भरत होता. मधल्या करड्यापर्यंत येईतो त्याला जांभया सुरू. डाव्याची रेषा मधल्या आणि वरच्या भागात मानकाला चिकटून होती, खालच्या दोन-तीन पायऱ्यांवर सुटली होती. कारखान्यातलं कॅलिब्रेशन शून्य उजेडाची खोली धरून केलेलं होतं.

म्हणून नव्याने कॅलिब्रेट करताना सॉफ्टवेअरला खोलीचा ०.१५ सांगितला. पांढरा ४०० वर ठेवला आणि काळा मुद्दाम वर, १.० वर आणला. हे ऐकून मॅडम चमकल्या, “काळा आणखी काळा करायचा सोडून वाढवताय?” कारण असं : १.० अधिक ०.१५ म्हणजे १.१५, ४०० ला त्याने भागलं की साधारण ३५०. सगळ्या पडद्यांनी याच प्रमाणाच्या आसपास राहावं अशी शिफारस आहे. शिवाय काळा १.० वर असेल तर खोलीचा उजेड थोडा हलला तरी तळ ढासळत नाही, ०.६ चा काळा मात्र पहिल्याच उघड्या दारात बुडतो. दुकानात मॉनिटर विकताना ‘कॉन्ट्रास्ट’चा मोठा आकडा मिरवतात, त्याचं मला तेव्हापासून अप्रूप राहिलेलं नाही.

उजव्याला ४०० झेपणार नव्हते आणि ३५० सुद्धा नाहीत. डाव्याला त्याच्या पातळीवर उतरवून जोडी जुळवायची, हा खरेदी विभागाने सुचवलेला उपाय होता. तो नम्रपणे नाकारला. उजवा सीटीच्या कन्सोलवर गेला. तिथे चित्र नीट आलं का एवढंच बघायचं असतं, आणि अशा दुय्यम कामाला २५० पुरतात. नव्या जोडीदाराचा पांढरा रंग डाव्याशी जुळवायला एक दुपार गेली. एक निळसर, एक पिवळसर असले की नजर सतत दोघांची तुलना करत बसते.

उजेड सगळीकडे सारखा पसरतो का, ही तपासणी झटपट झाली. मध्य आणि चार कोपरे. जास्तीत जास्त ३९८, कमीत कमी ३५२, म्हणजे फरक बारा टक्के. तीस टक्क्यांपर्यंत चालतो. मात्र करड्या पडद्यावर तिरके ओघळ दिसले. कोविडपासून सफाईच्या मावशी दिसेल त्या पृष्ठभागावर सॅनिटायझर फवारतात, आणि त्याने पडद्यावरचा चमक मारणारा थर खराब होतो. मावशींना मऊ कापड दिलं, ते पाण्याने किंचित ओलं करून पुसायचं दाखवलं. त्यांनी विचारलं, “मग जंतू?” मी कीबोर्डकडे बोट दाखवलं. जंतू खरे तिथे.

फरक पडला का

असं लिहिताना वाचकाला शेवटी एखादा सुटलेला आजार सापडलेला हवा असतो. तसं झालं नाही. मॅडम म्हणाल्या ते वेगळंच होतं, आणि मला ते जास्त पटलं : “आता विंडो कमी ओढावी लागते.” डिजिटल चित्रात अंधारलेला भाग माउस ओढून उजळ करता येतो आणि अनुभवी डॉक्टर तो करतातच. वाईट पडद्याची भरपाई त्या हाताने करत होत्या. पण विंडो ओढली जाते ती शंका आली तर. क्षयाच्या सुरुवातीला फुप्फुसाच्या शेंड्याला आलेली पुसट सावली पहिल्या नजरेत डोळ्याला खटकलीच नाही, तर माउसकडे हात जाणार कशाला? शिवाय दिवसाच्या अखेरीला, ढीगभर एक्स-रे बाकी असताना, प्रत्येकाची विंडो कोण ओढतं?

रोजची तपासणी टेक्निशियनकडे दिली. सकाळी क्यूसी चित्र उघडायचं, बघायचं, रजिस्टरमध्ये सही. पहिल्या महिन्यात रजिस्टर ‘ओके, ओके, ओके’ असं एका शाईने भरलेलं. मग रकाना बदलला. ‘ओके’ नको, तिन्ही पट्ट्यांत किती अक्षरं दिसली ते लिहा. आता १२-१३-१३, ११-१३-१२ असे आकडे येतात, आणि ते थोडे हलतात यावरूनच कुणीतरी खरंच बघतंय हे कळतं. एकदा गडद पट्टी नऊवर आली. मॉनिटर ठीक होता. खिडकीच्या पडद्याची दोरी तुटली होती.

रात्रीचे रिपोर्ट डॉक्टर घरून, लॅपटॉपवर करतात. तिथे माझा फोटोमीटर पोचत नाही. क्यूसी चित्र मात्र पोचतं. एका डॉक्टरांच्या लॅपटॉपवर संध्याकाळी सातनंतर पडदा आपोआप पिवळा होत होता, आणि खोलीतल्या उजेडाप्रमाणे तो स्वतःच कमीजास्तही होत होता. दोन्ही सोयी बंद करायला सांगितल्या. तातडीच्या केसचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवण्याबद्दल मी फक्त एवढंच म्हणालो की रिपोर्ट त्यावर करू नका. हे कितपत पाळलं जातं, ते मी विचारत नाही.

उरली अस्थिरोग ओपीडी. तिथला मॉनिटर ऑफिसचा, वर दोन ट्यूबलाइट, शेजारी उघडी खिडकी. क्यूसी चित्रात पाच टक्क्यांचा चौकोन गायब. मी त्यावर चिकटपट्टी लावली : ‘फक्त पाहण्यासाठी. निदानासाठी नाही.’ सरांनी ती वाचली आणि विचारलं, “मग मी इथे दिवसभर काय करतो? मनगटाच्या हाडाला तडा आहे की नाही, प्लास्टर घालायचं की घरी पाठवायचं, हे मी याच्यावरच ठरवतो. रेडिऑलॉजीचा रिपोर्ट येईतो पेशंट गावी पोचलेला असतो.”

त्यांचं बरोबर होतं. पडदा दुय्यम की मुख्य हे त्याच्या किमतीवरून नव्हे, त्याच्यासमोर काय ठरतं यावरून ठरवायला हवं. चिकटपट्टी काढली. मॉनिटरची दिशा खिडकीपासून वळवली, डोक्यावरची एक ट्यूब काढून टाकली, आणि वैद्यकीय दर्जाच्या एका मॉनिटरची मागणी लिहिली. सोबत स्वतःच्या फोटोमीटरचीही, कारण पुण्याचा मित्र आता फोन उचलताना आधी विचारतो, “परत मॉनिटर?” मॉनिटरची मागणी मंजूर झाली आहे. फोटोमीटरच्या अर्जावर शेरा आलाय : ‘लक्समीटर उपलब्ध असताना दुसऱ्या उपकरणाची आवश्यकता स्पष्ट करावी.’ स्पष्टीकरण लिहायला घेतलंय.